वापरलेल्या साहित्यातून आरसी विमान उडवायला सुरुवात करताना: काय जुने घ्यावे, काय नवे घ्यावे आणि काय तपासावे

रेडिओवर चालणारे मॉडेल विमान उडवायला शिकायचे ठरवले की पहिला प्रश्न खर्चाचा येतो. विमान, ट्रान्समीटर (हातात धरायचा रेडिओ), रिसीव्हर (विमानात बसणारा त्याचा जोडीदार), सर्व्हो (विमानाच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर), मोटर किंवा इंजिन, बॅटऱ्या, चार्जर अशी यादी वाढत जाते आणि नेमके त्याच वेळी छंद सोडलेल्या कुणाचा तरी संपूर्ण संच अगदी कमी किमतीत मिळत असल्याचे कानावर येते. असा संच घेणे हा अनेकदा उत्तम निर्णय ठरतो. मी स्वतः जुन्या साहित्यावरच उडवायला शिकलो आणि पुढे नवख्या मंडळींबरोबर असे साहित्य तपासायला जात आलो आहे. चांगले विमान मातीमोल भावात मिळालेले मी पाहिले आहे आणि दिसायला देखणा संच पहिल्याच उड्डाणात जमीनदोस्त झालेलाही पाहिला आहे.

जुन्या बाजारात शिरताना एक कसोटी मनाशी पक्की असू द्या. प्रत्येक वस्तूबाबत दोन प्रश्न विचारा: ही वस्तू हवेत बंद पडली तर विमान पडेल का, आणि तिच्यातला दोष मला विकत घेण्याआधी दिसू शकतो का? ज्या वस्तूमुळे विमान पडू शकते पण जिचा दोष बाहेरून दिसत नाही, ती नवीच घ्यावी. बाकी सगळे जुने चालते. पुढच्या सर्व पायऱ्या याच कसोटीवर आधारलेल्या आहेत.

१. आधी शिकवणारा माणूस शोधा

साहित्य पाहायला सुरुवात करण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी जवळच्या उड्डाणाच्या मैदानावर जाऊन या. तिथल्या अनुभवी मंडळींना चार गोष्टी विचारायच्या आहेत: ते कोणत्या मोडमध्ये, म्हणजे ट्रान्समीटरच्या कोणत्या काडीवर कोणते नियंत्रण ठेवून उडवतात, कोणत्या कंपनीचे रेडिओ वापरतात, मैदानावर इंजिनाच्या विमानांना परवानगी आहे का आणि नवख्याला शिकवायला कोण तयार आहे.

मोडचा प्रश्न सर्वांत आधी सोडवा, कारण त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. मोड २ मध्ये डाव्या काडीवर थ्रॉटल (मोटरचा वेग) आणि रडर (शेपटीची उभी पट्टी), तर उजव्या काडीवर एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) असतात. मोड १ मध्ये एलिव्हेटर डावीकडे येतो आणि थ्रॉटल उजवीकडे जातो. एकदा बोटांना एका पद्धतीची सवय लागली की ती बदलणे फार कठीण जाते. त्यामुळे शिकवणारा ज्या मोडमध्ये उडवतो तोच तुमचाही असावा. संकटाच्या क्षणी ट्रान्समीटर त्याच्या हातात द्यावा लागतो आणि तेव्हा त्याला विचार करायला वेळ नसतो.

रेडिओच्या कंपनीचा प्रश्न शिकवण्याच्या पद्धतीशी जोडलेला आहे. शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा ट्रान्समीटर वायरने किंवा बिनतारी पद्धतीने एकमेकांना जोडता येतो. शिकवणारा एक स्विच दाबून विमान तुमच्या ताब्यात देतो आणि विमान कलंडू लागले की स्विच सोडून परत स्वतःकडे घेतो. या सोयीमुळे शिकण्याच्या काळातले बहुतेक अपघात टळतात. दोन्ही ट्रान्समीटर एकमेकांशी जुळणारे असले तर ही जोडणी विनासायास होते.

मॉडेल विमानांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि ते अधूनमधून बदलतात. अनेक देशांत २५० ग्रॅमपेक्षा जड विमानासाठी किंवा ते उडवणाऱ्यासाठी नोंदणी लागते, कुठे विमा लागतो, कुठे ठरावीक मैदानाबाहेर उडवायला मनाई असते. हे सगळे विमान घेण्याआधी जाणून घ्या. जुन्या विमानावर आधीच्या मालकाचा नोंदणी क्रमांक चिकटवलेला असेल तर तो काढून टाकायचा, हेही आताच लक्षात ठेवा.

२. कोणते विमान हवे ते ठरवून मगच बाहेर पडा

जुन्या बाजारात सर्वांत जास्त मोह पाडतात ती लढाऊ विमानांची मॉडेल, जेट आणि कसरतीची विमाने. ती स्वस्तात मिळतात, कारण ती उडवायला कठीण असतात आणि अनेकांनी ती घेऊन सोडून दिलेली असतात. पहिले विमान मात्र ट्रेनरच असावे. त्याचे पंख धडाच्या वरच्या बाजूला असतात, समोरून पाहिल्यास दोन्ही पंख टोकांकडे किंचित वर उचललेले दिसतात आणि पंखाचा खालचा भाग जवळपास सपाट असतो. अशा विमानाच्या काड्या सोडल्या तर ते बऱ्याच अंशी स्वतःहून सरळ होते आणि हळू वेगातही तरंगत राहते. लढाऊ विमानाचे मॉडेल हळू केले की त्याच्या एका पंखाची उचल अचानक संपते आणि ते त्या बाजूला कोसळते. नवख्याला सावरायला तेवढी उंचीही मिळत नाही.

आकाराबाबत बोलायचे तर पंखांचा विस्तार १.२ ते १.६ मीटर असलेले चार चॅनेलचे, म्हणजे चार वेगळी नियंत्रणे असलेले विमान शिकायला सोयीचे पडते. फार छोटे विमान वाऱ्यात हेलकावे खाते आणि थोडे दूर गेले की त्याची दिशाच कळत नाही. फोमचे विमान दुरुस्त करायला सोपे असते, तर बाल्सा लाकडाचे विमान जास्त डौलदार उडते पण मोडले की वेळ खाते. शिकण्यासाठी मी फोम आणि विजेवर चालणारी मोटर हीच जोडी सुचवीन. शिकवणारा इंजिनवाला असेल आणि मैदानावर परवानगी असेल, तर बाल्साचा इंजिनवर चालणारा ट्रेनरही काही वाईट नाही.

३. तपासायला जाताना बरोबर काय न्यावे

- मल्टिमीटर
- बॅटरीच्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज दाखवणारा छोटा सेल चेकर
- सर्व्हो टेस्टर आणि त्याला वीज देण्यासाठी चार निकेल सेलचा छोटा पॅक
- ताजे चार्ज केलेली, विमानाला चालणारी लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, शक्यतो शिकवणाऱ्याकडून मागून घेतलेली
- वजनकाटा, मोजपट्टी, छोटे स्क्रूड्रायव्हर, अ‍ॅलन की आणि बॅटरीवर चालणारा टॉर्च
- पाहायला जात असलेल्या विमानाच्या माहितीपुस्तिकेची प्रत. ती बहुधा निर्मात्याच्या संकेतस्थळावर मिळते

ही पुस्तिका फार उपयोगी पडते, कारण त्यात विमानाचे मूळ वजन आणि गुरुत्वमध्याची जागा दिलेली असते. ही दोन माहिती हातात असल्याशिवाय जुन्या विमानाबद्दल काहीही ठामपणे सांगता येत नाही. विक्रेत्याला आधीच विचारून ठेवा की विमान शेवटचे कधी उडाले, कधी पडले आणि पडल्यावर काय दुरुस्त केले. पडलेले विमान म्हणजे वाईट विमान असे मुळीच समजू नका. दुरुस्ती नीट सांगणारा माणूस बहुधा ती नीट करणाराही असतो.

४. ट्रान्समीटर: प्रोटोकॉल आधी, चेहरामोहरा नंतर

ट्रान्समीटर हा सर्वांत जास्त वर्षे टिकणारा भाग आहे. विमाने येतात, मोडतात, बदलतात, पण चांगला ट्रान्समीटर दहा विमानांना पुरतो. म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

पहिले पाहायचे ते कोणत्या लहरींवर तो चालतो. आजचे जवळपास सर्व ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्याआधीच्या पिढीतले ७२ किंवा ३५ मेगाहर्ट्झवर चालत. त्यांना लांब ओढायची अँटेना असते आणि लहरींचा चॅनेल ठरवणारा क्रिस्टल बसवलेला असतो. त्या पद्धतीत एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले की हवेतले विमान बेताल होऊन पडे, म्हणूनच मैदानावर एका फळीवर चॅनेलचे बिल्ले लटकवलेले असत आणि बिल्ला हाती असलेल्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा असे. २.४ गिगाहर्ट्झचे ट्रान्समीटर आपला रिसीव्हर ओळखूनच बोलतात, त्यामुळे एकाच वेळी अनेक जण निर्धास्तपणे उडवू शकतात. कितीही नामांकित कंपनीचा असला तरी जुन्या लहरींचा ट्रान्समीटर पहिल्या खरेदीत घेऊ नका. त्याचे सुटे भाग आणि रिसीव्हर मिळणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

२.४ गिगाहर्ट्झ एवढे पाहूनही काम भागत नाही. प्रत्येक कंपनीची स्वतःची भाषा आहे आणि एकीचा रिसीव्हर दुसरीच्या ट्रान्समीटरचे ऐकत नाही. स्पेक्ट्रमची डीएसएम२ आणि डीएसएमएक्स, फुताबाची फॅस्ट, एस-एफएचएसएस आणि टी-एफएचएसएस, फ्लायस्कायची एएफएचडीएस आणि एएफएचडीएस २ए, फ्रस्कायची एसीसीएसटी आणि अ‍ॅक्सेस ही त्यांची नावे आहेत. एकाच कंपनीतही जुनी आणि नवी पद्धत नेहमी जुळतेच असे नाही. फ्रस्कायच्या डी१६ प्रकारात तर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यातले फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) वेगवेगळ्या आवृत्तीचे असले की ते एकमेकांशी जोडलेच जात नाहीत. म्हणून ट्रान्समीटर घेताना त्याच्या भाषेचा रिसीव्हर आज नवा विकत मिळतो का, हे आधी पडताळा. ज्या ट्रान्समीटरमध्ये बहुप्रोटोकॉल मॉड्यूल आहे, तो अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरशी बोलू शकतो आणि जुन्या बाजारात तो मिळाला तर शिकणाऱ्यासाठी मोठीच सोय होते.

आता प्रत्यक्ष तपासणी. बॅटरीचे झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात आत पाहा. स्प्रिंगवर आणि पत्र्याच्या टोकांवर हिरवट किंवा पांढरी पूड जमलेली असेल तर आतल्या सेलमधून कधीतरी गळती झाली आहे. जुन्या निकेल-कॅडमियम पॅकची काळी, म्हणजे ऋण वायर थोडी सोलून पाहता आली तर पाहा. आतले तांबे लालसर चमकण्याऐवजी काळवंडलेले असेल तर तो गंज वायरीतून आत स्विचपर्यंत आणि कधीकधी सर्किट बोर्डापर्यंत पोहोचलेला असतो. काळवंडलेल्या तांब्यावर डाखही धरत नाही. फक्त पॅक खराब असेल तर तो बदलता येतो, पण बोर्डावर पूड दिसली तर तो ट्रान्समीटर तिथेच ठेवा.

ट्रान्समीटर चालू करून पडद्यावर सर्व्हो मॉनिटर उघडा. दोन्ही काड्या हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि पडद्यावरची पट्टी अडखळत, उड्या मारत सरकते का ते बघा. काडी सोडल्यावर ती दर वेळी त्याच जागी परत आली पाहिजे. नंतर प्रत्येक स्विच, प्रत्येक ट्रिम (पट्टीची मधली जागा किंचित सरकवणारी कळ) आणि प्रत्येक गोल घुंडी तशीच तपासा. अँटेना बिजागरापाशी सैल झाली आहे का, हे हलक्या हाताने पाहा. शेवटी विक्रेत्यालाच त्याचा कोणताही रिसीव्हर तुमच्यासमोर जोडून दाखवायला सांगा. हा ट्रान्समीटर संगणकाला जोडून सिम्युलेटरवर चालतो का हेही विचारा, कारण पहिल्या उड्डाणाआधी सिम्युलेटरवर घालवलेले तास विमानाचे आयुष्य वाढवतात.

५. रिसीव्हर नवा, सर्व्हो तपासून जुने

रिसीव्हरबाबत मी आग्रही आहे: तो नवाच घ्यावा. पडलेल्या विमानातून काढलेल्या रिसीव्हरच्या आत सूक्ष्म तडा असू शकतो. टेबलावर तो तासन्‌तास बिनबोभाट चालतो आणि हवेत कंप सुरू झाल्यावर दगा देतो. शिवाय काही लोकप्रिय रिसीव्हरच्या नकली प्रतीही बाजारात आलेल्या आहेत आणि वरून त्या ओळखू येत नाहीत. संपूर्ण संचात रिसीव्हर आला असेल तर तो ठेवा, पण शिकण्याच्या विमानात वापरू नका.

सर्व्होचे तसे नाही. त्यातला दोष डोळ्यांना आणि कानांना कळतो. सर्व्हो टेस्टरला जोडून घुंडी अतिशय हळू फिरवा, कारण वेगात फिरवली की दोष झाकला जातो. भुजा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जायला हवी. सदोष सर्व्होत मध्येच एका ठरावीक ठिकाणी ती अडते, टिक् असा आवाज येतो आणि मग पुढे उडी मारते. परत उलट फिरवली की त्याच ठिकाणी तेच होते. याचा अर्थ आतल्या चक्राचा एक दात गेला आहे. नंतर घुंडी मधोमध, म्हणजे १५०० मायक्रोसेकंदांवर ठेवून सर्व्हो स्थिर राहतो की थरथरत राहतो ते पाहा. डावीकडून आणि उजवीकडून मध्यावर आणल्यावर भुजा एकाच जागी थांबली पाहिजे. विमान नुसत्या ट्रिमने सरळ उडेल की नाही हे यावर ठरते. बोटांनी भुजा जोर लावून फिरवून पाहण्याची अनेकांना सवय असते. त्याने चांगले दातही तुटतात, म्हणून विक्रेत्यालाही तसे करू देऊ नका.

६. विमानाचा सांगाडा कसा वाचावा

विमानाचे रंग आणि चिकटवलेली चित्रे यांकडे दुर्लक्ष करून आधी ते काट्यावर ठेवा. पुस्तिकेतल्या वजनापेक्षा ते बरेच जास्त भरले तर त्यात गोंद, दुरुस्तीचे लाकूड किंवा मुरलेले तेल आहे. जड विमानाला हवेत राहायला जास्त वेग लागतो आणि जास्त वेगाने उतरणे नवख्याला जमत नाही. वाढलेले वजन शेपटीकडे असेल तर ते अधिकच घातक, कारण ते तोलण्यासाठी नाकातही वजन भरावे लागते.

मग पंख हातात घ्या आणि मागच्या कडेकडून, डोळ्यांच्या पातळीवर धरून त्यावरून नजर टाका. दोन्ही पंखांची मागची कड पुढच्या कडेशी सारख्याच कोनात दिसली पाहिजे. एका पंखाचे टोक पिळलेले असेल तर विमान सतत एका बाजूला कलते आणि हळू वेगात तर काडीलाही दाद देत नाही. बाल्साच्या पंखावर प्लास्टिकचे आवरण असेल तर उष्णता देऊन पीळ काढता येतो, फोमच्या पंखातला पीळ सहसा जात नाही.

पडझडीच्या खुणा तीन ठिकाणी हमखास सापडतात. एक, नाकातली ती आडवी फळी, जिच्यावर मोटर किंवा इंजिन बसवलेले असते. तिच्या कडेला टॉर्च धरून तडा किंवा नंतर ओतलेला गोंद दिसतो का पाहा आणि मोटरचा शाफ्ट धरून हलकेच हलवा. दोन, पंखांचा मधला जोड. दोन्ही टोके धरून अगदी हलका दाब द्या, करकर ऐकू आली तर आतला जोड सुटलेला आहे. तीन, चाकांचे पाय जिथे धडात शिरतात ती जागा. शिकताना उतरण्याचे सारे धक्के तिथेच बसतात. फोमच्या विमानाच्या नाकाजवळ सुरकुत्या दिसल्या तर ते कधीतरी नाकावर आपटलेले आहे, हे समजायला दुसरा पुरावा नको.

एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर यांच्या बिजागऱ्या एकेक करून ओढून पाहा. स्थिर भाग एका हातात धरून हलणारा भाग हलकेच खेचायचा. एकही बिजागरी सरकू नये. सर्व्होला वीज असताना हलणाऱ्या पट्टीच्या मागच्या कडेला बोट लावून हलवा. २ ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त ढिलाई असेल तर दट्ट्याच्या तारेचे, म्हणजे सर्व्होपासून पट्टीपर्यंत जाणाऱ्या तारेचे भोक मोठे झाले आहे किंवा हॉर्न, म्हणजे ती तार अडकवायचा पट्टीवरचा तुकडा सैल आहे. हे दुरुस्त करणे सोपे आणि स्वस्त आहे, फक्त किमतीत ते धरा.

इंजिनवर उडालेल्या लाकडी विमानात आणखी एक गोष्ट असते. इंधनातले तेल टाकीच्या खोलीतून लाकडात मुरते, लाकूड गडद आणि मऊ होते आणि त्यावर कोणताही गोंद धरत नाही. टाकीची खोली उघडून नखाने दाबून पाहा. नख सहज रुतले तर ते विमान घेऊ नका.

७. मोटर, स्पीड कंट्रोलर आणि इंजिन

मोटर तपासण्याआधी प्रोपेलर काढा. हा नियम विक्रेत्याच्या घरी, स्वतःच्या घरी आणि मैदानावरच्या टेबलावरही पाळायचा आहे. चुकीचा स्विच किंवा सुटलेली वायर यामुळे मोटर अचानक पूर्ण वेगाने फिरू शकते आणि प्रोपेलर बोटे कापतो.

ब्रशलेस मोटरचा शाफ्ट हाताने फिरवताना चुंबकांचे टप्पे जाणवतील, ते स्वाभाविक आहे. खरखर, वाळू अडकल्यासारखी घसट किंवा बाहेरच्या डब्याचा लंबगोल फेरा मात्र नको. चालू करून हळूहळू वेग वाढवा. शाफ्ट वाकलेला असेल तर कंप लगेच हाताला कळतो. स्पीड कंट्रोलरवर, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या भागावर लिहिलेली अँपिअरची मर्यादा आणि सेलची संख्या वाचून घ्या आणि त्याच्या वायरींचे प्लास्टिक कुठे वितळलेले तर नाही ना, ते पाहा. रिसीव्हरला आणि सर्व्होंना वीजही बहुधा याच्यातूनच मिळते, त्यामुळे जळकट वास येणारा कंट्रोलर फुकट मिळाला तरी नको.

दोन स्ट्रोकचे ग्लो इंजिन घेत असाल तर ट्रेनरसाठी ०.४० ते ०.४६ घन इंचांचे प्रचलित आहे. या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉल, तेल आणि थोडे नायट्रोमिथेन असते. उड्डाणानंतर इंधन आत राहिले की मिथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि बेअरिंग गंजतात, तर एरंडेल तेलाचा थर वाळून सगळे चिकटून बसते. चिकटलेले इंजिन साफ होऊ शकते, गंजलेल्या बेअरिंगचे इंजिन मात्र ती बदलल्याशिवाय चालवू नये. प्लग लावून हाताने हळू फिरवताना वर चांगला दाब जाणवला पाहिजे आणि फिरणे गुळगुळीत असले पाहिजे. काही इंजिनांत थंड असताना पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर घट्ट होऊन चीं आवाज येतो. तो त्यांच्या रचनेचाच भाग असतो आणि इंजिन घासलेले नसल्याची खूण असते.

प्रोपेलर कधीही जुना घेऊ नका. पात्यावरचा केसाएवढा चरा वेगात फिरताना फाटत जातो. नवा प्रोपेलर स्वस्त असतो आणि त्यावरचे दोन आकडे, उदाहरणार्थ १० बाय ६, म्हणजे इंचातला व्यास आणि इंचातली एका फेऱ्यातली चाल, पुस्तिकेतल्या आकड्यांशी जुळवून घ्यायचे असतात.

८. बॅटऱ्या नव्याच, चार्जर जुना चालेल

लायपो बॅटरीला कसोटी सर्वांत कडकपणे लावायची आहे. तिच्या एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२ असतो, ३.० च्या खाली गेलेला सेल कायमचा बिघडतो. वापरात नसताना ती ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी लागते. छंद सोडलेल्या माणसाच्या कपाटातली बॅटरी बहुधा पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडलेली असते आणि तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. अशी बॅटरी चेकरवर पूर्ण भरलेली दाखवते, पण थ्रॉटल वाढवला की तिचा व्होल्टेज कोसळतो. हे जमिनीवर दिसत नाही. उशीसारखी फुगलेली बॅटरी तर आगीला आमंत्रणच आहे. ती घरी आणू नका आणि विक्रेत्यालाही ती बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रीकरण केंद्रात द्यायला सांगा.

संचात बॅटऱ्या आल्या तर त्यांची किंमत शून्य धरा. नव्या बॅटऱ्या दोन किंवा तीन पुरतात आणि विमानाच्या कनेक्टरशी जुळणाऱ्या घ्या; एक्सटी६०, एक्सटी३०, ईसी३, टी-कनेक्टर असे अनेक प्रकार आहेत आणि वेगवेगळ्या मालकांच्या हातून आलेल्या विमानात ते मिसळलेले असतात. एकच प्रकार ठरवून बाकीचे डाख देऊन बदलून घ्या.

चार्जर जुना घ्यायला हरकत नाही, पण तो प्रत्येक सेलचा समतोल राखणारा असावा. तुमची बॅटरी लावून तो प्रत्येक सेलचा जो व्होल्टेज दाखवतो तो मल्टिमीटरशी ताडून पाहा. दोन्हीत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तो चार्जर नको. चार्जिंगचा वेग सामान्यतः १सी ठेवा, म्हणजे २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला २.२ अँपिअर. चार्जिंग चालू असताना ती एकटी सोडू नका आणि जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, दगडी किंवा सिरॅमिक पृष्ठभागावर ठेवा.

९. सौदा करताना

विक्रेता संपूर्ण संचाची एकच किंमत सांगतो. तुम्ही मनातल्या मनात तो संच सुटा करा: ट्रान्समीटर, सांगाडा, सर्व्हो, मोटर आणि कंट्रोलर, चार्जर. रिसीव्हर, बॅटऱ्या आणि प्रोपेलर यांना काहीच किंमत देऊ नका आणि ते नवे घेण्याचा खर्च मागितलेल्या रकमेत मिळवा. येणारी बेरीज नव्या, उडवायला तयार मिळणाऱ्या ट्रेनर संचाच्या जवळपास जात असेल तर नवा घेणेच योग्य. तपासणीत सापडलेले दोष शांतपणे दाखवा, वाद घालू नका. बहुतेक विक्रेते या छंदावर प्रेम करणारेच असतात आणि आपले विमान पुन्हा हवेत जावे अशी त्यांची इच्छा असते. पुस्तिका, सुटे पंख, खास स्क्रू, ट्रान्समीटरची मूळ पेटी हे सगळे मागून घ्या. न तपासता, नुसत्या छायाचित्रावरून दूरवरून संच मागवण्याचा सल्ला मी नवख्याला देणार नाही.

१०. पहिल्या उड्डाणाआधी

घरी आल्यावर प्रत्येक स्क्रू काढून पुन्हा घट्ट करा, पंख बांधायचे रबर बदला आणि नवा रिसीव्हर स्पंजमध्ये गुंडाळून बसवा. ट्रान्समीटरमध्ये आधीच्या मालकाचे मॉडेल साठवलेले असते. त्यातल्या उलटसुलट जोडण्या आणि मिक्स (एका काडीने एकाहून जास्त पट्ट्या हलवण्याची मांडणी) तुमच्या विमानाला लागू पडतीलच असे नाही, म्हणून नवे मॉडेल बनवून सुरुवातीपासून मांडणी करा.

गुरुत्वमध्य पुस्तिकेत दिलेल्या जागी हवा. पुस्तिका नसेल तर ट्रेनरसाठी पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांदरम्यान धरून चाला आणि सुरुवातीला पुढच्या टोकाला राहा. बॅटरीसह तयार विमान त्या रेषेवर दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून उचला. ते सपाट किंवा नाक किंचित खाली करून राहिले पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. तेवढ्याने न जमल्यास नाकात वजन घाला, पण शेपूट जड असताना विमान हवेत सोडू नका.

विमानाच्या मागे उभे राहून दिशा तपासा. एलेरॉनची काडी उजवीकडे नेल्यावर उजव्या पंखाची पट्टी वर आणि डाव्याची खाली गेली पाहिजे. एलिव्हेटरची काडी स्वतःकडे ओढल्यावर मागची पट्टी वर उठली पाहिजे. रडर उजवीकडे दिल्यावर उजवीकडे वळला पाहिजे. दुरुस्त केलेल्या विमानात एलेरॉन उलटे असणे हे पहिल्या उड्डाणातल्या अपघाताचे फार नेहमीचे कारण आहे. म्हणून ही तपासणी एकदा स्वतः करा आणि एकदा दुसऱ्याकडून करून घ्या.

नंतर प्रोपेलर काढलेला असताना मोटर फिरवून ट्रान्समीटर बंद करा. फेलसेफ, म्हणजे रेडिओचा संपर्क तुटल्यावर काय करायचे ती मांडणी, बरोबर लावला असेल तर मोटर लगेच थांबते. ती चालूच राहिली तर फेलसेफ पुन्हा लावा. काही कंपन्यांच्या रेडिओत थ्रॉटलचा चॅनेल इतरांच्या उलट असतो, त्यामुळे कंपनी बदललेल्या विमानात हे पाहणे विशेष गरजेचे आहे. शेवटी मैदानावर पल्ल्याची चाचणी घ्या. ट्रान्समीटरच्या रेंज चेक पर्यायात त्याची शक्ती मुद्दाम कमी होते आणि पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावरून, बहुधा ३० पावलांच्या आसपास, सर्व पट्ट्या न अडखळता हलल्या पाहिजेत. मोटर चालू ठेवूनही हीच चाचणी करायची असते. त्यासाठी प्रोपेलर बसवावा लागत असेल तर दुसऱ्या कुणाला विमान मागून घट्ट धरायला सांगा आणि प्रोपेलरच्या रेषेत कुणीही उभे राहू नये.

पहिले उड्डाण शिकवणाऱ्याला करू द्या. तो विमान उंचावर नेऊन ट्रिम लावेल, मोटर बंद करून ते कसे घसरत खाली येते ते पाहील आणि काही खटकले तर लगेच उतरवेल. विमान खाली आल्यावर ट्रिम किती सरकली आहे ते लिहून घ्या, दट्ट्याच्या तारांची लांबी त्यानुसार बदलून ट्रिम पुन्हा मध्यावर आणा, प्रत्येक स्क्रू आणि बिजागरी परत एकदा तपासा आणि मगच जोडलेला दुसरा ट्रान्समीटर स्वतःच्या हातात घ्या.